प्रवाळांच्या टाकीसाठी परवडणारा दिवा कसा निवडावा?

निळेशार

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्याच्या टाक्या मी बरीच वर्षे सांभाळत आलो आहे. यंदा प्रथमच खाऱ्या पाण्याची टाकी मांडली असून तिचे पाणी आता स्थिरावले आहे. टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. मुक्काम पुणे. तिच्यात झोअँथिड, मशरूम आणि पुढे जमल्यास एखादे लेदर, असे मृदू प्रवाळ वाढवावेत, अशी इच्छा आहे.

अडले आहे ते दिव्यापाशी. दुकानदाराने तीन पर्याय दाखवले. पहिला 'ब्लॅक बॉक्स' म्हणून विकला जाणारा १६५ वॅटचा चिनी एलईडी डबा, दुसरा नामांकित परदेशी कंपनीचा दिवा, ज्याची किंमत टाकी, गाळणी आणि दगड यांच्या एकत्रित किमतीपेक्षा जास्त आहे, आणि तिसरा पांढऱ्या-निळ्या एलईडी पट्ट्यांचा साधा दिवा, ज्याच्या खोक्यावर वॅटखेरीज काहीच लिहिलेले नाही. माझी मर्यादा दहा हजार रुपयांची आहे.

महागड्या दिव्यात आपण मुख्यतः सोयीचे आणि नावाचे पैसे मोजतो, प्रवाळाला लागणारा प्रकाश मात्र स्वस्तातही मिळायला हवा, असे माझे मत झाले आहे. ते बरोबर आहे का? आणि नुसत्या वॅटवरून प्रवाळ जगतील की नाही, हे कसे ठरवायचे?

खारे_वारे

वॅटवरून ते ठरवता येत नाही. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, एवढेच. त्या विजेतून किती प्रकाश निघतो, त्यातला किती पाण्यात उतरतो आणि उतरलेला प्रकाश प्रवाळाच्या कामाचा आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते.

प्रवाळाच्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि ते प्रकाशसंश्लेषण करून आपल्या यजमानाला अन्न पुरवते. म्हणून दिवा निवडताना विचार करायचा तो या शैवालाचा. त्याला उपयोगी पडणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला असतो आणि तो 'पार' (PAR) या मापाने मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात ते. तुम्ही सांगितलेल्या मृदू प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरतो. मशरूम तर पन्नासच्या आसपासही समाधानाने राहतात. ॲक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना दोनशे ते साडेतीनशे लागतो. भर दुपारच्या उष्ण कटिबंधातील उन्हात हा आकडा सुमारे २००० असतो, यावरून तुमची गरज किती माफक आहे हे लक्षात येईल.

तेव्हा तुमच्या मूळ मताशी मी सहमत आहे, पण एका अटीवर. स्वस्त दिवा पुरेसा ठरतो तो तुम्ही मृदू प्रवाळ निवडले आहेत म्हणून. प्रवाळ बदलले की हिशेबही बदलेल.

रेवा

चांगला विषय. निळेशार, तुमच्याकडे गोड्या पाण्यातील वनस्पतींसाठी घेतलेला दिवा असेलच. तोच वापरून पाहावा, असा मोह बहुतेकांना होतो. त्याबद्दल जाणकारांनी लिहावे.

निळेशार

रेवाताई, अगदी मनातले विचारलेत. तसा एक दिवा माझ्याकडे आहे. त्याचा प्रकाश किंचित गुलाबी दिसतो.

खारे_वारे

गुलाबी दिसतो, कारण त्यात लाल एलईडी अधिक असतात. ते जलवनस्पतींना मानवते. प्रवाळांचे शैवाल मात्र जेथे वाढले तेथे, समुद्रात काही मीटर खोल गेले की, लाल प्रकाश जवळजवळ संपतो आणि निळा शिल्लक राहतो. त्या शैवालातील हरितद्रव्ये आणि पेरिडिनिन नावाचे रंगद्रव्य मुख्यतः ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टिपतात.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळाचे तुकडे निळ्या, लाल आणि दोन्ही निम्मे-निम्मे अशा प्रकाशात, १२८ आणि २५६ अशा दोन पार-पातळ्यांवर वाढवून पाहिले होते. सर्वाधिक तुकडे जगले ते निळ्या प्रकाशात. हे कठीण प्रवाळ आहे आणि त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे झोअँथिडना लावता येणार नाहीत. तरीही पैसे घालायचेच असतील तर ते ४५० नॅनोमीटरच्या रॉयल ब्लू एलईडीवर घालावेत, गुलाबी दिवा जलवनस्पतींकडेच ठेवावा.

तांत्रिक

मी विद्युत अभियंता आहे, त्यामुळे आकडेमोड करून दाखवतो. ती समजली की दुकानात कोणीही कितीही वॅट सांगितले तरी गोंधळ होणार नाही.

टाकीचा तळ ६० गुणिले ४५ सेंटीमीटर, म्हणजे ०.२७ चौरस मीटर. तळावर सरासरी १०० पार हवा असेल, तर सेकंदाला २७ मायक्रोमोल प्रकाशकण तेथे पोहोचले पाहिजेत. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या एका वॅटमध्ये सुमारे ३.७६ मायक्रोमोल असतात, म्हणून साधारण सव्वासात वॅट शुद्ध प्रकाश तळाशी हवा. काही प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरून परततो, काही काचेबाहेर सांडतो, काही दगडांच्या सावलीत अडतो. निम्मा वाया गेला असे धरू. मग दिव्यातून साडेचौदा वॅट प्रकाश निघायला हवा. मध्यम प्रतीचे एलईडी विजेच्या ४० टक्के प्रकाश देतात असे मानले, तर विजेचा खर्च येतो सुमारे ३६ वॅट.

म्हणजे तुमच्या टाकीला पस्तीस-चाळीस वॅटची खरी गरज आहे, १६५ ची नाही. शिवाय तो १६५ हा आकडाही नावापुरताच असतो. त्या डब्यात ३ वॅटचे म्हणून विकले जाणारे ५५ एलईडी असतात आणि पंचावन्न त्रिक एकशे पासष्ट अशी ती बेरीज आहे. प्रत्यक्षात ते एलईडी साधारण दोन वॅटवर चालवले जातात, त्यामुळे पूर्ण तेजावरही असे डबे सहसा ११० ते १२० वॅट खातात. ही गोष्ट ग्राहकाच्या हिताचीच म्हणावी लागेल, कारण कमी प्रवाहावर चालणारा एलईडी थंड राहतो आणि अधिक टिकतो.

न्यूजर्सीकर

तांत्रिक यांचा हिशेब आवडला, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. सरासरी १०० पार आणि प्रत्यक्ष प्रत्येक जागी मिळणारा पार यांत फार अंतर असते. ब्लॅक बॉक्समध्ये बहुधा ९० अंशांची भिंगे असतात आणि त्यामुळे प्रकाश मधोमध एकवटतो. माझ्या टाकीत मध्यभागी जेवढा पार होता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी कोपऱ्यात भरला. महागड्या दिव्यांत केवळ नावाचे पैसे नसतात. प्रकाश सारखा पसरावा म्हणून केलेली रचना, आवाज न करणारा पंखा आणि बिघाड झाल्यास मिळणारा सुटा भाग यांचेही पैसे असतात. ते सोडून द्यायचे की नाही, हे ज्याने-त्याने ठरवावे, पण त्यांची किंमत शून्य धरू नये.

येथे अमेरिकेत एक चांगली सोय आहे. अनेक शहरांतील हौशी मंडळांकडे आणि काही दुकानांकडे पारमापक असतो आणि तो दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने मिळतो. हे यंत्र विकत घेणे म्हणजे आणखी एक दिवा घेण्यासारखे आहे, म्हणून ते सामायिक असावे हेच योग्य. मात्र यंत्र कोणत्या पिढीचे आहे ते पाहावे. जुने संवेदक निळा प्रकाश प्रत्यक्षाहून कमी दाखवत असत. मापक कमी दाखवतो म्हणून मालक दिवा वाढवतो, आणि त्याचे परिणाम प्रवाळ भोगतात.

कुर्ला_लोकल

पुण्या-मुंबईत असे मंडळ असेल तर कृपया येथे लिहा. मी मापकासाठी वर्गणी द्यायला तयार आहे.

रेवा

मीही तयार आहे. पाच-सहा घरे एकत्र आली तरी काम होईल.

निळेशार

माझेही नाव धरा. तोवर एक विचारतो. भ्रमणध्वनीवर लक्स मोजणारी ॲप्स मिळतात. त्यांवरून पारचा अंदाज बांधता येईल का?

तांत्रिक

निळ्या दिव्याखाली अजिबात नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. लक्स हे माप मानवी डोळ्यासाठी बनवलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो आणि ४५० च्या निळ्याला फारच कमी. त्यामुळे सेकंदाला एक मायक्रोमोल प्रकाशकण एका चौरस मीटरवर पडत असतील, तर ५५५ ला ते सुमारे १४७ लक्स भरतात, ४५० ला मात्र जेमतेम ७. प्रकाशकण तेवढेच, पण मापात वीस पटींहून अधिक फरक. सूर्यप्रकाशासाठी लक्सला ५४ ने भागून पार काढतात. तोच भागाकार निळ्या एलईडीला लावला, तर तुमचा दिवा अगदी दुबळा वाटेल आणि तुम्ही प्रवाळ भाजून काढाल.

डोळ्याच्या अंदाजावरही याच कारणाने विसंबू नये. निळ्या दिव्याखाली टाकी अंधारी भासते, तेव्हाही प्रवाळांना भरपूर प्रकाश मिळत असतो.

रेवा

हे शेवटचे वाक्य प्रत्येक नवख्याने वाचायला हवे. आमच्या सोसायटीतील एका शेजाऱ्यांनी ब्लॅक बॉक्सचे दोन्ही चॅनेल, म्हणजे स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणारे पांढऱ्या आणि निळ्या एलईडींचे गट, पूर्ण तेजावर ठेवले होते, कारण तसे केल्याशिवाय टाकी दिवाणखान्यात उठून दिसत नव्हती. आठवडाभरात मशरूम आक्रसले आणि फिके पडले. त्यांतले एक तर दगड सोडून सावलीत जाऊन बसले. पांढरा चॅनेल दहा टक्क्यांवर आणि निळा तीस टक्क्यांवर आणल्यावर पुढच्या महिनाभरात उरलेले पुन्हा फुलले.

प्रकाश कमी पडला तरी प्रवाळ सांगतातच. झोअँथिडचे देठ लांबत जातात, ते दिव्याकडे ताणलेले दिसतात आणि रंग तपकिरी होऊ लागतो, कारण अपुऱ्या प्रकाशात आतील शैवालाची दाटी वाढते. हा बदल सावकाश होतो, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो. जास्त प्रकाशाने होणारी हानी काही दिवसांतच होते. म्हणून कमी तेजापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे, हे मी आग्रहाने सांगेन.

समुद्रपक्षी

एक बाळबोध प्रश्न. आपल्याकडे एवढे ऊन असताना दिवा हवाच कशाला? पूर्वेच्या खिडकीपाशी टाकी ठेवली तर?

खारे_वारे

प्रश्न रास्त आहे. ऊन उत्तम असते, पण त्यावर आपला ताबा राहत नाही. ते ऋतूप्रमाणे सरकते, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे नाहीसे होते, आणि मुख्य म्हणजे पाणी तापवते. प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान हवे असते. मार्च ते मे या काळात सावलीतल्या टाकीलाही ते राखणे जड जाते. मेटल हॅलाइड दिवे आपल्याकडे मागे पडले, त्यामागे हेही एक कारण आहे. त्यांचा प्रकाश अप्रतिम असतो, पण उष्णता खाली पाण्यावर येते आणि मग पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, घ्यावा लागतो, ज्याची किंमत दिव्याच्या कितीतरी पट असते. एलईडीची उष्णता हीटसिंकमार्गे, म्हणजे मागच्या धातूच्या पट्ट्यांतून, वर जाते. परवडणारा दिवा शोधताना तो चिलरचा खर्च वाढवतो का, हेही पाहायला हवे.

निळेशार यांच्यासाठी एक पुरवणी. पुण्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर छोटा पंखा लावला तरी तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, जे मुंबईच्या दमट हवेत तितकेसे साधत नाही. मात्र बाष्पीभवनाने क्षारता वाढते, म्हणून उडालेले पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढावे.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितो आहे. टी-५ नळ्यांचा, म्हणजे बारीक फ्लूरोसंट ट्यूबलाइटचा, उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून हा प्रतिसाद. या नळ्यांखाली प्रकाश इतका सारखा पसरतो की कोपरे आणि मध्यभाग यांतील फरक जवळजवळ उरत नाही. न्यूजर्सीकर यांनी मांडलेली अडचण येथे येतच नाही. वापरलेले टी-५ नळ्यांचे दिवे येथे फार स्वस्तात मिळतात.

तरीही आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. नळ्यांचा प्रकाश आणि वर्णपट घसरत जातो, त्यामुळे साधारण वर्षाने त्या बदलाव्या लागतात. शिवाय युरोपीय संघाने सर्वसाधारण वापराच्या टी-५ नळ्या ऑगस्ट २०२३ पासून नव्याने बाजारात आणणे थांबवले आहे. हे तंत्रज्ञान मावळतीला लागले आहे आणि पुढे नळ्या मिळणे अवघडच होत जाईल.

कुर्ला_लोकल

थोडा वेगळा प्रश्न. दिवा घेतल्यावर प्रवाळ कुठून आणायचे? मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांवर प्रवाळ दिसतात, असे ऐकले आहे. एखादा छोटा तुकडा आणला तर चालेल का?

किनारा

कृपया असे काहीही करू नका. मी सागरी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे याबाबत स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजते.

रीफ म्हणजे प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, तसेच काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. म्हणजे कायद्याने वाघाला जे संरक्षण आहे तेच प्रवाळाला आहे. उल्लंघनाला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. मालवणचे सागरी अभयारण्य तर १९८७ सालीच घोषित झाले आहे. मुंबईत किनारी रस्त्याचे काम करताना हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळ वाटेत आले, तेव्हा २०२० साली वनविभागाची परवानगी घेऊन ते दुसरीकडे हलवावे लागले. परवानगीशिवाय प्रवाळाला हात लावण्याची जी मुभा एवढ्या मोठ्या प्रकल्पालाही नाही, ती हौसेला असू शकत नाही.

यामुळे या धाग्यातील दिव्याचा प्रश्नही बराच सोपा होतो. न्यूजर्सीकर राहतात त्या अमेरिकेत टाक्यांतच वाढवलेल्या कठीण प्रवाळांचे तुकडे सर्रास मिळतात आणि त्यांच्यासाठी तीनशे पारचे दिवे घेण्याला अर्थ आहे. भारतातील हौशी माणसाने ते प्रवाळ ठेवूच नयेत. मग त्यांच्यासाठीचा महागडा दिवा 'पुढेमागे लागेल' म्हणून आताच घेण्याचे प्रयोजनही राहत नाही. मृदू प्रवाळ घेतानाही ते एखाद्याच्या टाकीत वाढलेले असतील असे पाहावे. झोअँथिड आणि मशरूम टाकीत चांगले पसरतात, त्यामुळे हौशी मंडळींत त्यांची देवाणघेवाण सहज होऊ शकते. एक जपणूक मात्र आवश्यक आहे. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, म्हणून ते हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि त्यांचे दगड कधीही उकळू नयेत.

जाता जाता एक निरीक्षण. आपल्या कोकण किनाऱ्याचे पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात तर प्रकाश अगदी थोडा आत उतरतो. तरीही तेथे प्रवाळ पिढ्यान्पिढ्या टिकून आहेत. त्यांच्यातील कितीतरी जाती थोड्या प्रकाशाशी जुळवून घेतात, आणि विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी तेथे नेऊन हे दाखवताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो. कुर्ला_लोकल, तुम्हीही जरूर जा, पाहा, छायाचित्रे काढा, आणि खडकावर पाय ठेवताना खाली नीट बघा.

कुर्ला_लोकल

धन्यवाद, किनाराताई. कायदा इतका कडक आहे, याची कल्पना नव्हती. पाहायला नक्की जाईन.

विजेरी

सुरक्षिततेबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. स्वस्त दिव्यात सर्वांत आधी काटछाट होते ती येथेच. धातूचा डबा, त्याखाली खारे पाणी, आणि अनेकदा दोन पिनांची तार! अर्थिंग आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, नसल्यास तीन पिनांची तार बसवून डबा अर्थ करावा. घराच्या वीज बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, असावा, कारण जादा भाराला पडणारा एमसीबी माणसाला धक्का बसला म्हणून पडत नाही. तार सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

विजेचा खर्चही सांगतो. दिवा मंद ठेवून ४० वॅटवर रोज नऊ तास चालवला, तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात.

निळेशार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विजेरी यांचा प्रतिसाद वाचून आधी घरातील वीज बोर्ड तपासला. आरसीसीबी आहे, पण दुकानातील त्या डब्याला दोनच पिना होत्या, हे आता आठवते.

माझा विचार आता असा होत आहे. परदेशी दिवा बाद. खोक्यावर केवळ वॅट लिहिलेला पट्ट्यांचा दिवाही बाद, कारण त्यातला निळा नेमका कोणत्या तरंगलांबीचा आहे हे दुकानदारही सांगू शकला नाही. उरला ब्लॅक बॉक्स. मात्र तांत्रिक यांच्या हिशेबाने तो माझ्या गरजेच्या तिप्पट आहे. मग स्वतःच दिवा बनवणे अधिक शहाणपणाचे ठरेल का?

तांत्रिक

डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, सवय असेल तर जरूर बनवा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बहुतेक सामान मिळते. १६ रॉयल ब्लू आणि ८ पांढरे, असे ३ वॅटचे २४ एलईडी, ॲल्युमिनियमचा पन्हळी हीटसिंक, उष्णतावाहक लेप आणि दोन्ही रंगांसाठी स्वतंत्र, तेज कमी-जास्त करता येणारे स्थिर प्रवाहाचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे संच, एवढेच लागते. भिंगे लावू नका. दीड फूट खोलीला त्यांची आवश्यकता नाही, आणि न्यूजर्सीकर म्हणतात तो कोपऱ्यांचा प्रश्नही त्यामुळे बराच सुटतो. एलईडी मागताना ४५० नॅनोमीटर असे स्पष्ट सांगा, नुसते 'निळा' म्हटले तर ४७० चेही देतात.

हे सामान दहा हजारांच्या बरेच आत येते. पण डाग देण्याचा सराव नसेल, तर त्या तिप्पट ताकदीची चिंता न करता ब्लॅक बॉक्स घ्या, तीन पिनांची तार बसवून घ्या आणि तो तिसऱ्या हिश्श्यावर चालवा. प्रवाळांना त्यात काहीच कमी पडणार नाही.

न्यूजर्सीकर

याला माझेही अनुमोदन. ब्लॅक बॉक्स घेतलात तर पाण्यापासून फूटभर उंच टांगा, म्हणजे प्रकाश अधिक पसरेल आणि मिठाचे शिंतोडेही कमी उडतील. तरीही एलईडीवरची काच महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी लागेल.

निळेशार

सोल्डरिंग येते, सराव मात्र जुना आहे. रविवारी तपकीर गल्लीत जाऊन येतो. रेवाताई, पहिल्या आठवड्यात कोणता चॅनेल किती ठेवू?

रेवा

तपकीर गल्लीत जाण्याआधी रविवारी दुकाने उघडी असतात का, ते विचारून घ्या. निळा वीस टक्के आणि पांढरा पाच, रोज सात-आठ तास. मशरूम तळाशी कडेला ठेवा, झोअँथिड मधल्या उंचीवर. दुसऱ्या आठवड्यात छायाचित्रे टाका, ती पाहून पुढचे ठरवू. मापकाच्या वर्गणीसाठी मी वेगळा धागा काढते आहे, आतापर्यंत तीन नावे झाली आहेत.

विजेरी

चार. माझेही लिहा.